शेवटच्या काळाची भाकिते: मत्तयाचा चोविसावा अध्याय अभ्यासाला कसा घ्यावा

ख्रिस्ताच्या पुनरागमनाविषयी आणि शेवटच्या काळाविषयी पवित्र शास्त्रात जी भाकिते आहेत ती पूर्ण होऊन गेली आहेत की अजून व्हायची आहेत, हा प्रश्न सांगली-मिरजेच्या घरसंगत्यांमध्ये अधूनमधून निघतोच, आणि निघाला की चर्चा बहुधा दोन टोकांना जाऊन बसते. कृष्णेला महापूर आला, कुठे युद्ध पेटले, एखादी साथ पसरली की मोबाइलवर ‘शेवटच्या काळाची चिन्हे’ अशा मथळ्याचे संदेश फिरू लागतात आणि एक गट म्हणू लागतो की मत्तयाचा चोविसावा अध्याय आपल्या डोळ्यांदेखत घडतो आहे. दुसरा गट लहान असतो, पण त्याच्याजवळ वाचन असते; त्याचे म्हणणे असे की त्या अध्यायातले सगळे इ.स. ७० साली यरुशलेम पडले तेव्हाच घडून गेले आणि आता वाट पाहण्यासारखे काही उरलेले नाही. जुन्या मिशनच्या मंडळीत वाढलेले आजोबा, स्वतंत्र प्रार्थनासंगतीत जाणारी सून आणि इंटरनेटवर व्याख्याने ऐकणारा नातू एकाच बैठकीत बसलेले असले, की अशा चर्चेची सूत्रे हाती धरणाऱ्याची चांगलीच कसोटी लागते.

पुढील मजकूर त्या सूत्रे धरणाऱ्यासाठी आहे, मग तो पाळक असो, मंडळीचा पंच असो किंवा शब्बाथशाळेची शिक्षिका असो. माझे मत आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचकाला ते वजा घालून पुढचे वाचता येईल. ‘झाले की व्हायचे’ हा प्रश्न संपूर्ण अध्यायाला एकदम विचारता येत नाही. तो वचनागणिक विचारावा लागतो, आणि तसा विचारला तर या अध्यायाचा बराच मोठा भाग पहिल्या शतकात पूर्ण झाल्याचे दिसते, तर ख्रिस्ताचे गौरवाने येणे, मृतांचे पुनरुत्थान आणि न्याय या गोष्टी पुढे आहेत असे मानल्यावाचून नव्या कराराचा अर्थच लागत नाही.

तयारी

सुरुवात प्रकटीकरणापासून, म्हणजे पवित्र शास्त्रातल्या शेवटच्या पुस्तकापासून, करू नये. नवशिक्या मंडळींना श्वापद, शिक्के आणि कर्णे यांचे आकर्षण असते, परंतु त्या पुस्तकात प्रत्येक चिन्हाचा अर्थ आधी ठरवावा लागतो आणि मतभेद तिथेच सुरू होतात. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात मात्र येशू साध्या भाषेत, समोर बसलेल्या शिष्यांना, त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत आहे. मार्काचा तेरावा आणि लूकचा एकविसावा अध्याय हे त्याच संभाषणाचे वृत्तांत आहेत, तेव्हा तिन्ही अध्याय शेजारी ठेवूनच बसावे. छापील प्रती काढता आल्या तर तीन कागद शेजारी चिकटवून एक मोठा तक्ता करावा, कारण पाने उलटत तुलना करताना निम्मी बैठक आपली जागा शोधण्यातच जाते.

प्रत्येकाने वहीत तीन उभे रकाने आखावेत आणि त्यांना ‘झाले’, ‘व्हायचे’ आणि ‘ठरत नाही’ अशी नावे द्यावीत. नियम एकच ठेवावा: कोणतेही वचन रकान्यात लिहिताना त्यापुढे कारण लिहायचे, आणि ते कारण शास्त्रातल्या दुसऱ्या वचनातून किंवा इतिहासाच्या पुराव्यातून आलेले असले पाहिजे. अमक्या प्रचारकाने असे सांगितले, हे कारण म्हणून चालणार नाही. तिसरा रकाना कोरा राहिला तर अभ्यास घाईने झाला असे समजावे.

पहिल्या बैठकीत कोणाचेही मत विचारू नये. नुसते तिन्ही अध्याय मोठ्याने वाचून घ्यावेत. एकदा मत बोलून दाखवले की माणूस पुढच्या साऱ्या बैठकांत तेच राखत बसतो.

शिष्यांचा प्रश्न काय होता

दुसऱ्या बैठकीत पहिल्या तीन वचनांवरच थांबावे. शिष्य मंदिराच्या इमारती दाखवतात, येशू म्हणतो की इथे दगडावर दगड राहणार नाही, आणि मग जैतुनांच्या डोंगरावर शिष्य त्याला एकांतात विचारतात. मार्क आणि लूक यांच्या वृत्तांतात प्रश्न मंदिराच्या नाशापुरता आहे: हे केव्हा होईल आणि ते होण्याच्या वेळचे चिन्ह काय. मत्तयात त्याच प्रश्नाला येशूचे येणे आणि युगाची समाप्ती हे दोन विषय जोडलेले आहेत. शिष्यांच्या मनात मंदिर पडणे आणि युग संपणे ही एकच घटना असावी, कारण मंदिराविना जगाची कल्पना कोणत्याही यहुद्याला करवत नव्हती. उत्तर देणाऱ्याच्या मनातही ती एकच होती का, हाच या अभ्यासाचा खरा प्रश्न आहे, आणि तो फळ्यावर लिहून ठेवावा.

यानंतर चौथ्यापासून चौदाव्या वचनापर्यंतचा भाग घ्यावा. खोटे ख्रिस्त, लढाया, दुष्काळ, भूकंप. येथे एक गोष्ट आवर्जून दाखवावी, कारण ती वाचताना सर्रास निसटते: येशू ही यादी घाबरण्यासाठी देत नाही, घाबरू नका असे सांगण्यासाठी देतो. एवढ्यात शेवट नाही, असे सहाव्या वचनात आहे आणि या तर वेदनांचा प्रारंभ आहेत, असे आठव्यात. म्हणजे ज्या गोष्टींना आपण चिन्हे म्हणून संदेशांत पाठवतो, त्यांनाच येशूने शेवटाचे चिन्ह मानू नये असे सांगितलेले आहे.

पहिल्या शतकात या गोष्टी घडल्या का, हे नव्या करारातूनच तपासता येते. प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात अगब नावाचा संदेष्टा दुष्काळाचे भाकीत करतो आणि तो दुष्काळ क्लौद्य कैसर या रोमी सम्राटाच्या काळात पडल्याचे लूक तिथेच नोंदवतो. एकविसाव्या अध्यायात रोमी सरदार पौलाला विचारतो की चार हजार लोकांना रानात नेणारा मिसरी तो तूच का. तो मिसरी म्हणजे त्या काळच्या भोंदू तारणाऱ्यांपैकी एक. भूकंपाचे उदाहरण हवे असेल तर प्रकटीकरणात जिचा उल्लेख आहे ती लावदिकीया नगरी इ.स. ६० च्या सुमारास भूकंपाने उद्ध्वस्त झाली होती. चौदाव्या वचनातले सुवार्तेचे सर्व जगात गाजणे मात्र लगेच पहिल्या रकान्यात घालण्याची घाई करू नये. पौल कलस्सैकरांस लिहिताना सुवार्ता आकाशाखालील सर्व सृष्टीत गाजवली गेली असे म्हणतो, आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायातली ‘सर्व जगाची’ नावनिशी म्हणजे रोमी साम्राज्याची, हे खरे आहे. तरीही हे वचन पुरते संपले असे म्हणणाऱ्याने सह्याद्रीच्या या बाजूला सुवार्ता केव्हा आली याचाही विचार करावा. मी ते तिसऱ्या रकान्यात ठेवतो.

पंधरावे वचन

आता अध्यायाचा कणा. मत्तयाच्या पंधराव्या वचनात दानीएलाने सांगितलेला ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ पवित्रस्थानात उभा राहिल्याचा उल्लेख आहे आणि वाचकाने हे ध्यानात आणावे असा इशारा आहे. तक्त्यावर याच्या शेजारी लूक २१:२० पाहावे. तिथे अमंगळ पदार्थाचा उल्लेख नाही. तिथे सरळ म्हटले आहे की यरुशलेमेस सैन्यांचा वेढा पडत आहे असे पाहाल तेव्हा ती ओसाड पडण्याची वेळ जवळ आली असे समजा. आगेमागे दोन्हीकडे मजकूर तोच आहे: यहूदीयात असतील त्यांनी डोंगरात पळून जावे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांची अवस्था कठीण होईल. लूकने आपल्या परराष्ट्रीय वाचकाला मत्तयाचे कोडे उलगडून दिले आहे असे वाचणे मला सर्वांत सरळ वाटते.

बैठकीत येथे घाई न करता सूचनांचा तपशील पाहायला लावावा. धाब्यावर असलेल्याने घरातले सामान घ्यायला खाली उतरू नये; शेतात असलेल्याने अंगरखा आणायला मागे फिरू नये; पळण्याची वेळ हिवाळ्यात किंवा शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, येऊ नये म्हणून प्रार्थना करावी. सपाट धाब्याची घरे, शब्बाथाला वेशीबाहेर पडण्याची अडचण, पावसाने ओढे भरणारा तिथला हिवाळा, हा सारा यहूदीयाचा संसार आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून ४५ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली की नदीकाठच्या वस्त्यांना जनावरे हलवा असे सांगतात. ती सूचना ऐकून जतच्या माळावरचा माणूस आपली गुरे सोडत नाही, आणि सूचना खोटी होती असेही कोणी म्हणत नाही. सूचना कोणासाठी होती हे ओळखणे हाच पंधराव्यापासून बावीसाव्या वचनापर्यंतच्या अभ्यासाचा गाभा आहे.

मग इतिहास सांगावा, आणि तो थोडक्यात न उरकता नीट सांगावा, कारण आपल्याकडच्या प्रवचनांत तो क्वचितच येतो. इ.स. ६६ मध्ये यहुद्यांनी रोमविरुद्ध बंड केले. त्याच वर्षी सूरियाचा रोमी सुभेदार सेस्टियस गॅलस सैन्य घेऊन यरुशलेमेवर आला, मंदिराच्या तटापर्यंत पोचला आणि सर्वांना चकित करत माघारी वळला; परतीच्या वाटेवर बेथ-होरोनच्या घाटात त्याच्या सैन्याची वाताहत झाली. वेढा पडल्यावर पळायचे कसे, ही लूकच्या वचनावरची शंका या घटनेने फिटते, कारण वेढा पडून उठल्यावर बाहेर पडायला वाट मोकळी होती. चौथ्या शतकातला मंडळीचा इतिहासकार युसेबियस सांगतो की यरुशलेमेची ख्रिस्ती मंडळी युद्धापूर्वीच शहर सोडून यार्देनेपलीकडील पेल्ला येथे गेली. काही अभ्यासकांनी या परंपरेवर शंका घेतली आहे, म्हणून ती पुरावा म्हणून मांडताना तेवढे सांगावे.

पुढे वेस्पासियनने गालील जिंकला, इ.स. ६८ मध्ये नीरो मेला, इ.स. ६९ मध्ये एकामागून एक चार सम्राट रोमच्या गादीवर आले आणि त्यांतला शेवटचा वेस्पासियन स्वतः होता. त्याचा मुलगा टायटस याने इ.स. ७० च्या वल्हांडणाच्या सुमारास, शहर यात्रेकरूंनी भरलेले असताना, यरुशलेमेला वेढा घातला. जोसेफस हा यहुदी इतिहासकार तेव्हा रोमी छावणीत होता. तो सांगतो की रोमी सैन्याने संपूर्ण शहराभोवती भिंत बांधून काढली आणि आत उपासमारीने माणसे रस्त्यावर पडू लागली. ऑगस्टमध्ये मंदिर जळाले, सप्टेंबरमध्ये उरलेले शहर पडले. जोसेफसने दिलेला अकरा लाख मृतांचा आकडा बहुतेक इतिहासकार फुगवलेला मानतात, आणि तो रोमी राजघराण्याच्या आश्रयाने लिहीत होता हेही विसरू नये. परंतु मंदिर लुटले गेले याला दगडी साक्ष आहे. रोममधल्या टायटसच्या कमानीवर मंदिरातला सात शाखांचा दीपवृक्ष खांद्यावर वाहून नेणारे सैनिक आजही कोरलेले दिसतात.

येथे एक शंका हमखास येते: पश्चिमेची भिंत तर अजून उभी आहे, मग दगडावर दगड राहणार नाही हे पूर्ण कुठे झाले? उत्तर असे की ती भिंत मंदिराची नव्हे. मंदिर ज्या चौथऱ्यावर होते त्याला हेरोदाने बांधलेली ती आधारभिंत आहे. शिष्यांनी ज्या इमारती दाखवल्या त्यांतली एकही शिल्लक नाही. चौथऱ्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याखाली उत्खननात सापडलेल्या जुन्या रस्त्यावर वरून ढकललेले प्रचंड दगड पडले तसेच आहेत. एवढ्यानेही ज्याचे समाधान होत नसेल त्याने हे वचन तिसऱ्या रकान्यात लिहावे, वाद वाढवू नये.

एकविसाव्या वचनात जगाच्या आरंभापासून आले नाही आणि पुढे येणार नाही असे मोठे संकट म्हटले आहे. भविष्यात सात वर्षांचे महासंकट येणार असे मानणाऱ्यांचा हा मुख्य आधार, कारण यरुशलेमेनंतर जगाने त्याहून मोठे संहार पाहिले आहेत. हे म्हणणे वजनदार आहे. त्याच्या उत्तरादाखल दुसऱ्या राजांच्या पुस्तकातली दोन वचने शेजारी वाचावीत. अठराव्या अध्यायात हिज्कीयाविषयी म्हटले आहे की त्याच्या मागून किंवा त्याच्या आधी त्याच्यासारखा राजा यहूदात झाला नाही. तेविसाव्या अध्यायात योशीयाविषयी म्हटले आहे की त्याच्यासारखा पूर्वी झाला नाही आणि नंतरही झाला नाही. एकाच पुस्तकाने दोघांविषयी हे म्हटले आहे आणि लिहिणाऱ्याला त्यात विसंगती वाटलेली नाही. पराकाष्ठा सांगण्याची ही इब्री रीत आहे.

सूर्य, चंद्र, तारे आणि ‘ही पिढी’

एकोणतिसाव्या वचनापासून वाट अवघड होते. त्या दिवसांतील संकटानंतर लगेच सूर्य अंधकारमय होईल, चंद्र प्रकाश देणार नाही, तारे गळून पडतील आणि मनुष्याचा पुत्र मेघांवर आरूढ होऊन येताना दिसेल. ‘व्हायचे’ म्हणणाऱ्यांचे बोट येथेच असते आणि तारे अजून आकाशात आहेत हे त्यांचे उत्तर बिनतोड वाटते. म्हणून जुना करार उघडावा. यशयाच्या तेराव्या अध्यायात सूर्य, चंद्र आणि नक्षत्रे काळवंडतात ती बाबेलच्या पाडावात, बाबेल इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याच्या हाती पडले आणि आकाश जागच्या जागी राहिले. यहेज्केलाच्या बत्तिसाव्या अध्यायात तोच अंधार फारोसाठी आहे, यशयाच्या चौतिसाव्यात आकाश गुंडाळले जाते ते अदोमाच्या नाशात. संदेष्ट्यांच्या तोंडी ही राज्ये कोसळण्याची भाषा आहे. मेघांवर येण्याविषयी दानीएल ७:१३ पाहावे. तिथे मनुष्याचा पुत्र मेघांसह येतो तो पृथ्वीकडे नव्हे, तर पुराणपुरुषाच्या, म्हणजे देवाच्या, सिंहासनाकडे, आणि तिथे त्याला राज्य दिले जाते. येशूनेही मत्तय २६:६४ मध्ये आपला न्याय करणाऱ्या प्रमुख याजकाला सांगितले की हे तुम्ही पाहाल.

चौतिसावे वचन सर्व पक्षांना अडचणीत टाकते, तेव्हा त्यासाठी वेळ राखून ठेवावा. हे सर्व पूर्ण होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही, असे येशू म्हणतो. काहींच्या मते येथे पिढी म्हणजे यहुदी वंश, तर काहींच्या मते ज्या पिढीला चिन्हे दिसतील ती भविष्यातली पिढी. वाद मिटवण्याचा साधा उपाय म्हणजे मत्तयाने ‘ही पिढी’ असे कुठे कुठे म्हटले आहे ते शोधून वाचणे: अकराव्या अध्यायात बाजारात बसलेल्या मुलांसारखी असलेली पिढी, बाराव्यात निनवेचे लोक जिला दोषी ठरवतील ती पिढी, आणि तेविसाव्यात, म्हणजे हाच विषय निघण्याच्या अगदी आधी, संदेष्ट्यांच्या रक्ताचा हिशोब जिच्यावर येईल ती पिढी. सगळीकडे ती येशूसमोर उभी असलेली, त्या काळची माणसे आहेत. येशू हे बोलला तेव्हापासून मंदिर जळेपर्यंत सुमारे चाळीस वर्षे गेली. ऐकणाऱ्यांपैकी काही जण तेव्हा हयात असणारच.

म्हणूनच १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाल्यावर बत्तिसाव्या वचनातल्या दृष्टान्तातील अंजिराच्या झाडाला पालवी फुटली असे मानून त्यात चाळीस वर्षे मिळवून १९८८ हे वर्ष सांगणाऱ्यांचा हिशोब चुकला तो केवळ बेरजेत नव्हे. लूकने तर अंजिराबरोबर ‘आणि सर्व झाडे’ असेही लिहिले आहे. दृष्टान्त उन्हाळा जवळ आल्याचा आहे, एखाद्या राष्ट्राच्या जन्माचा नाही. तारखा सांगण्याची ही खोड जुनी आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली, आणि २१ मे २०११ ही दुसऱ्या एका रेडिओ प्रचारकाची तारीख अनेकांना आठवत असेल. बैठकीत कोणी नवी तारीख आणली तर तो दिवस कोणालाच ठाऊक नाही हे छत्तिसावे वचन मोठ्याने वाचावे आणि पुढच्या वचनाकडे जावे. त्यावर चर्चा करू नये.

सातारा-सांगलीकडच्या वाचकासाठी आणखी एक उदाहरण देण्यासारखे आहे. १९६७ च्या जूनमध्ये सहा दिवसांच्या युद्धात जुने यरुशलेम इस्राएलच्या ताब्यात आले आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. यरुशलेम आणि भूकंप एका वर्षात. चिन्हे जोडण्याची हौस असलेल्याला याहून सोयीची सांगड मिळणार नाही. पण कोयनेच्या भूकंपाचा संबंध भूवैज्ञानिक कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात साठलेल्या पाण्याशी लावतात, आणि त्या भागात धक्के आजही बसतात. शास्त्रवचनाला बातम्यांचे कात्रण चिकटवण्यापूर्वी त्या घटनेचे जवळचे कारण काय, हे विचारण्याची सवय लावावी.

काय उरते

येथवर वही पाहिली तर पहिला रकाना भरलेला दिसेल, आणि नेमके याच टप्प्यावर दुसऱ्या गटाला सर्वच झाले असे म्हणण्याचा मोह होतो. प्रीटरिस्ट, म्हणजे भाकिते पहिल्या शतकातच पूर्ण झाली असे मानणारे, म्हणवणाऱ्यांतही दोन तट आहेत: काही गोष्टी उरल्या आहेत असे मानणारे, आणि पुनरुत्थानासकट सर्व पूर्ण झाले असे मानणारे. दुसऱ्या तटाला पौलाने उत्तर देऊन ठेवले आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हुमनाय आणि फिलेत यांची नावे घेऊन तो म्हणतो की पुनरुत्थान होऊन गेले असे सांगणारे सत्याविषयी चुकले आहेत आणि कित्येकांच्या विश्वासाचा नाश करत आहेत. हे पत्र मंदिर पडण्यापूर्वीचे आहे, म्हणून इ.स. ७० नंतर तसे म्हणायला हरकत नाही, असा बचाव केला जातो. पण १ करिंथकरांस १५ मध्ये पुनरुत्थानाचा पुरावा म्हणून पौल उठलेल्या ख्रिस्ताला पाहिलेल्या साक्षीदारांची यादी पुढे करतो आणि जे त्याला झाले तेच आपल्याला होणार असे सांगतो. शेवटचा शत्रू मृत्यू नाहीसा केला जाईल असे तिथेच आहे. इ.स. ७० मध्ये मृत्यू नाहीसा झाला असे कोणालाही म्हणता येणार नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात दोन पुरुष शिष्यांना सांगतात की हा येशू जसा आकाशात जाताना तुम्ही पाहिला तसाच येईल. दानीएलाच्या सातव्या अध्यायातली दिशा वर होती. येथे दिशा परत येण्याची आहे. १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ पासूनचा भाग तर शोक करणाऱ्यांसाठीच लिहिलेला आहे. मिरजेच्या दफनभूमीत माती देताना पाळक तो वाचतात तेव्हा घरच्यांना जे आश्वासन मिळते ते एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या वेढ्यातून काढून दाखवणे मला शक्य वाटत नाही, आणि बैठकीत नुकतेच कोणी गमावलेले कुटुंब असेल तर सूत्रे धरणाऱ्याने या मुद्द्यावर शब्दखेळ चालू देऊ नये. दर रविवारी निकेयाचा विश्वासांगीकार म्हणणाऱ्या मंडळ्या जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो गौरवाने पुन्हा येणार आहे असे म्हणतात. हे वाक्य चौथ्या शतकात, मंदिर जळून अडीचशेहून अधिक वर्षे लोटल्यावर, भविष्यकाळात लिहिले गेले.

मत्तयाच्या अध्यायातच सांधा कुठे आहे, यावर मतभेद आहेत. माझ्या मते तो छत्तिसाव्या वचनापाशी आहे. त्याआधी चिन्हे सांगितली, पळण्याची वाट सांगितली, पिढीची मर्यादा सांगितली; त्यानंतर तो दिवस व ती घटका कोणालाच ठाऊक नाही असे सांगितले, आणि चिन्हांच्या जागी नोहाच्या दिवसांतले खाणेपिणे, लग्नकार्ये, शेतातली व जात्यावरची माणसे असे नेहमीचे जगणे आले. पंचविसाव्या अध्यायात तर सर्व राष्ट्रांचा न्याय आहे. जे सांधा मानत नाहीत त्यांनी संपूर्ण भाषण एका रकान्यात घालून पाहावे आणि दुसऱ्या टोकाची वचने कुठे अडतात ते स्वतः अनुभवावे.

एकच भाकीत दोनदा पूर्ण होऊ शकते का, हा प्रश्नही येईल. दानीएलाचा अमंगळ पदार्थ इ.स.पू. १६७ मध्ये अंतियुख एपिफानेस या ग्रीक राजाने मंदिर भ्रष्ट केले तेव्हा प्रथम दिसला असे यहुदी मानत होते, आणि तरीही येशूने तो पुढे येणार असे सांगितले. म्हणजे तशी वाट शास्त्रातच आहे. मात्र अडलेले प्रत्येक वचन दोनदा पूर्ण होणार म्हणून सोडवायला लागलो तर रकान्यांना काही अर्थ राहत नाही. शास्त्रातच दुसऱ्यांदा वापरलेली प्रतिमा असेल तेवढ्यापुरतीच ही सवलत द्यावी. दानीएलाच्या नवव्या अध्यायातल्या सत्तर सप्तकांचे, म्हणजे सात-सातांच्या काळगटांचे, अखेरचे सप्तक भविष्यात ढकलणारे आणि पहिल्या शतकात बसवणारे असे दोन्ही हिशोब भरपूर प्रसिद्ध आहेत. चार बैठकांच्या अभ्यासात त्यांना हात न घालणे शहाणपणाचे.

पुढे काय घ्यावे

मत्तय झाल्यावर लगेच प्रकटीकरणावर उडी मारू नये, पण ज्यांना राहवत नाही त्यांच्यासाठी एवढे सांगावे की तिथला निम्मा वाद पुस्तकाच्या काळाविषयी आहे. दुसऱ्या शतकातला आयरेनियस हे दर्शन रोमी सम्राट डोमिशियनच्या राजवटीच्या अखेरीस, म्हणजे इ.स. ९५ च्या सुमारास दिसल्याचे सांगतो, आणि ते मानले तर पुस्तक यरुशलेमेच्या नाशाविषयी भाकीत करते असे म्हणता येत नाही. नीरोच्या काळचे मानणारे अकराव्या अध्यायात मंदिर मोजायला सांगितले आहे याकडे बोट दाखवतात. सहाशे सहासष्ट या श्वापदाच्या संख्येत नीरो कैसर हे नाव इब्री अक्षरांच्या अंकमूल्यांच्या बेरजेने बसते, आणि काही जुन्या हस्तलिखितांत आढळणारा सहाशे सोळा हा पाठही त्याच नावाच्या लॅटिन रूपाने बसतो. निदान आधार क्रमांक किंवा लस यांना श्वापदाची खूण ठरवण्यापूर्वी पहिल्या वाचकांना ही संख्या मोजायला सांगितली होती, हे लक्षात घ्यावे.

त्याऐवजी पुढची बैठक २ थेस्सलनीकाकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाला द्यावी. तिथे पौल त्याच वाचकांना सांगतो की प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असे कोणी सांगितले तर एकाएकी दचकू नका, म्हणजे सर्व झाले असे म्हणणारे तेव्हाही होते. मग अनीतिमान पुरुष, मंदिरात बसणे आणि त्याला आवरून धरणारे काहीतरी यांचा उल्लेख येतो. येणाऱ्या प्रत्येकाला पाचवे व सहावे वचन घरून वाचून यायला सांगावे: मी तुमच्याजवळ असताना हे सांगत होतो ते तुम्हांला आठवत नाही काय, आणि त्याला काय आवरून धरते हे तुम्हांला ठाऊक आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीला ते तोंडी सांगितलेले होते, आपल्याला नाही; म्हणून या अध्यायासाठी वहीत तिसरा रकाना इतर दोहोंपेक्षा रुंद आखून ठेवावा.